एका शब्दात सांगा!

३ मे १९५४
रात्रपाळीचा स्टेशनमास्तर किशनराव, त्याची बदली झाली. झाली म्हणजे काय, गेलासुद्धा! ट्रंक, बायको, शेळी, सगळं सकाळच्या गाडीत घालून. त्याच्या जागी माणूस? "येईल." तवर दिवसाची पाळी माझी, रात्रीचीही माझीच. वरच्या साहेबाला फोन केला. म्हणाला, "मास्तर, आप पुराने आदमी हैं, संभाल लीजिए." पुराने म्हणजे बैल! निजामाच्या रेल्वेत आमाला उर्दूत छळायचे, आता हिंदीत छळतात. एवढाच काय तो फरक.

६ मे
बदली माणूस नाही.

८ मे
जावई आला होता, पंडित. दारात उभा, उपरण्याचं टोक चुरगाळत. म्हणे, "मामा, कस्तुराला आणून सोडू का? पहिलटकरीण हाय. लय आस लागली तिला माहेराची." मी म्हटलं, "माहेर कुठं राहिलंय? तिची आई असती तर गोष्ट वेगळी. मी खुर्चीत बसल्या बसल्या पेंगतो. कळा लागल्या तर सुईण कोण आणणार? हा आसाराम? हा सिग्नल पाडील का सुईणीला जाईल?" आसाराम, आमचा सांधे बदलणारा पैटमन, फिदीफिदी हसला. त्याला एक कचकचीत शिवी हाणली. पंडित चहा न घेताच गेला. बरं झालं, साखर वाचली.

१० मे
डोळ्यांत कोणी तिखट टाकल्यासारखं होतंय. तपकीर ओढली. शिंका आल्या, झोप गेली न्हाई.

१२ मे
बन्सीधर! पुढच्या स्टेशनचा मास्तर. तोही एकटाच, त्याच्याकडेही माणूस नाही. पण मी एकटा पडलो की गप्प होतो, ह्याची जीभ वळवळायला लागते. तिकडून गाडी निघाली की फोनवर वर्दी द्यायची, संपलं काम. हा आधी ऊन सांगणार, मग बायकोचा गुडघा सांगणार! काल त्याच्या बडबडीतच माझा डोळा लागला. वर्दी कधी दिली, ऐकलीच नाही. गाडी सिग्नलबाहेर शिट्ट्या मारत उभी, आणि ड्रायव्हर मला आईवरून शिव्या द्यायलाय!

आज बन्सीधरला असा झाडला! "यापुढं जे सांगायचं ते एका शब्दात सांगा. जादा बोललात तर फोन आपटीन." "बरं," म्हणाला. शिकला म्हणायचा! कस्तुराचं सासर त्याच्याच स्टेशनाला लागून. तिकडचा निरोप आला तर कळवा, म्हटलं. तोही एका शब्दात.

१५ मे
रजा मागितली. कस्तुराचे दिवस भरलेत, पोर घाबरली असेल. साहेब म्हणाला, "मास्तर, तुमच्या नातवासाठी गाड्या थांबवू का?" फोनात त्याच्या मागं कुणीतरी खिदळलं. ह्यांचं वाटोळं होवो! लिहिलंय ते खोडणार नाही.

नंतर आसारामाला उगीचच बदडून काढावंसं वाटलं. तो बिचारा रुळातच बसून पेंगत होता. बादलीभर पाणी ओतलं अंगावर. तो रडला. मला बरं वाटलं.

१७ मे
भर दुपारी फोन. बन्सीधर. "सुटली." मी "बरं" म्हणून ठेवला. आसारामाकडून सिग्नल पाडून घेतला, झेंडी धरून उन्हात उभा राहिलो. गाडी येईना! उतारू कावले. मी परत फोनवर — "झोपलात काय हो? कुठं मेली तुमची गाडी?"

तो म्हणाला, "गाडी इथंच उभी हाय, मास्तर. मी कस्तुराचं सांगितलं. सुटली."

अरे! मी नाचायचाच राहिलो! मोकळी झाली माझी पोर! त्याचं "मास्तर... मास्तर, ऐका तर..." चाललंच होतं. म्हटलं, "कळलं! एका शब्दात सांगितलंत, शाबास!" आणि दिला ठेवून.

आसारामाला गूळ आणायला पिटाळलं. सगळ्या उतारूंना वाटला. परवा पाणी ओतलं होतं त्या आसारामाला मोठा खडा दिला, पाठीवर हातही फिरवला. एका म्हातारीनं विचारलं, "नातू का नात?" घ्या! तेच विचारायचं राहिलं! पुढच्या गाडीच्या वेळी बन्सीधरला विचारलं. म्हणाला, "पंडित येईल. तोच सांगंल." आवाज पार बसलेला. तोही जागून जागून मरायलाय. पहिल्यांदाच त्याची दया आली.

मुलगी झाली तर पार्वती नाव ठेवा म्हणणार आहे, तिच्या आजीचं. आज झोप आली तरी राग येत नाही.

१८ मे
पंडित उतरला तसा मी धावलो. "बाप झालास लेका!" म्हणून गुळाचा खडा त्याच्या तोंडातच कोंबला. त्यानं तो थुंकून टाकला नाही. तसाच गालात धरून उभा राहिला. मग डोक्यावरचं उपरणं काढलं. डोकं भादरलेलं.

"मामा," म्हणाला, "बाळ पोटातच राहिलं."