टायरची आतली कड

२ ऑक्टोबर २०२५, दसरा. आष्टा
ऋषिराज म्हणाला, "आई, चाकाखाली लिंबं तूच ठेव." पोरानं गाडी इतकी खाली बसवून घेतलीय की हात घालताना मनगट खरचटलं! हे लष्करात ड्रायव्हर होते — रोज सकाळी टायरवर आतूनही तळवा फिरवायचे. मीही फिरवला. बोटाला तार टोचली. बाहेरून टायर नव्यासारखं, आतून गुळगुळीत! सणाचा दिवस, बोलले नाही.

३ ऑक्टोबर
बोलले. "लय वाचतीस तू आई! गाडी बघ की, वाघ बसल्यागत दिसती!"

५ ऑक्टोबर
मी अक्षरं शिकले ती याच्याच शाळेच्या पुस्तकांवरून. आज मोबाईलवर तीनदा वाचलं, तेव्हा कळलं. आखूड स्प्रिंगा घालून गाडी खाली घेतली की चाकांचे कोन बदलतात. चाकाचा माथा आत झुकतो, भार आतल्या कडेवर येतो. चाकं तिरकी चालायला लागतात, रबर घासत जातं. म्हणून स्प्रिंगा बदलल्यावर अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ जुळवणं, पुन्हा करायची.
"केलंय की! ही बघ पावती."
पावती सांगलीची, ८ जूनची. स्प्रिंगा बसवल्या साताऱ्यात, २१ जूनला — फोटो पाठवला होता त्यानं. आधी सरळ केलं, मग वाकडं!
"तेवढ्यानं काय हुतंय?" म्हणाला.

६ ऑक्टोबर
गेला. औषधांच्या ऑर्डरी घेत रोज सांगली-सातारा. फोन वाजला की हातातलं टाकून धावते. हे निदान अंथरुणात गेले, माझा हात धरून. याचं रस्त्यावर — नाही लिहीत.

८ ऑक्टोबर
"पावसात गाडी आपोआप डावीकडं ओढली," हसत सांगत होता. आल्या आल्या तांब्याभर पाणी मात्र उभ्यानंच प्यायला.
किल्ली तूरडाळीच्या डब्यात लपवली.

९ ऑक्टोबर
"किल्ली दे."
"टायर बदल, अलाइनमेंट कर, मग देते."
"विकूनच टाकतो! तुझी कटकट तरी संपंल!"
विक बाबा. आजच विक.

११ ऑक्टोबर
गेली गाडी! आटपाडीचा अमृत म्हणून कुणी घेऊन गेला. लेकुरवाळा आहे, पोरं मागच्या सीटवर उड्या मारत होती. ह्यांच्या फोटोपुढं साखर ठेवली. कितीतरी दिवसांनी पोटभर जेवले.

१२ ऑक्टोबर
सकाळी विचारलं, "टायर बदलून दिलंस ना?"
"त्याचं तो बघंल की."
"सांगितलंस तरी?"
त्यानं पेपर तोंडापुढं धरला.
डब्यातली किल्ली मीच काढून दिली. अमृतच्या हातात, माझ्या हातानं.
नंबर घेतला. चौथ्यांदा लावतेय. रिंग जाते, उचलत नाही. गाडी चालवत असेल.