बाहेरच्या खोलीतला चहा

प्रिय ताई,

माझं अक्षर दिसलं की तू पाकीट न फोडता बाजूला टाकशील, म्हणून हे गौरांगीच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवतोय. तिला बजावलंय, आईच्या हातात दे आणि वाचून होईपर्यंत समोरून हलू नकोस. तीन वर्षं तू माझा फोन उचलला नाहीस. उचलावास असं मी काही केलंही नव्हतं म्हणा. पण पुढच्या महिन्यात तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे हे तुझ्या लेकीकडून कळलं, आणि त्याच्या आत मला तुझ्याशी बोलायलाच हवं. राग असू दे, ऐकून मात्र घे.

आधी बातमी. तुझा भाऊ पन्नाशीला टेकल्यावर पाठीला सॅक अडकवून कॉलेजात जातो. दोन वर्षांपूर्वी इथल्या किचनर शहरातल्या कंपनीनं आमची अख्खी टेस्टिंगची टीम काढून टाकली. चार-पाच महिने मी घरात बसून अप्लाय करत होतो आणि उरलेल्या वेळात दारासमोरच्या ड्राइव्हवेवरचं बर्फ फावड्यानं उपसत होतो. तुझी भावजय सुरेखा वैतागली. शेवटी इथल्या कम्युनिटी कॉलेजात फिजिओथेरपिस्ट असिस्टंटच्या डिप्लोमाला नाव घातलं. म्हणजे व्यायाम ठरवणार फिजिओथेरपिस्ट, आणि आम्ही ते पेशंटकडून करून घ्यायचे. त्याला उठवायचं, बसवायचं, चालवायचं. पहिल्या दिवशी वर्गात शिरलो तर पोरं गप्प झाली, त्यांना वाटलं सर आले. हाच कोर्स का, असं सुरेखानं विचारलं तेव्हा मी म्हटलं, या लाइनला जॉब्स भरपूर आहेत. ते खरं आहे, पण अर्धंच.

पहिल्याच प्रॅक्टिकलला मी नापास झालो. कसा ते ऐक, तुला हसू येईल, आणि यावंच. पेशंटला पलंगावरून उठवून खुर्चीत बसवायचं होतं. पेशंट म्हणून कॉलेजनं एक सत्तरीचे आजोबा बोलावले होते. पेशंटच्या कमरेला पट्टा बांधलेला असतो. तो दोन्ही हातांनी धरायचा आणि माणूस खुर्चीत टेकेपर्यंत आभाळ कोसळलं तरी सोडायचा नाही. माझं सगळं झकास चाललं होतं. त्यांचा पाय घसरू नये म्हणून आपला पाय आडवा लावायचा असतो, तो लावताना माझा बूट त्यांच्या पायावर पडला. झालं! माझा उजवा हात पट्टा सोडून त्यांच्या गुडघ्याला लागला आणि माझ्या छातीला टेकलासुद्धा. मला पत्ताच नाही! आजोबा डुगडुगले, परीक्षकबाई धावल्या, आणि त्यांना सावरून झाल्यावर मलाच विचारलं, तुझ्या छातीत दुखतंय का? काय सांगणार, कप्पाळ? मोठ्या माणसाला पाय लागला की नमस्कार करायचा, हे आईनं पाठीत धपाटे घालून शिकवलंय, हे त्यांच्या फॉर्ममध्ये कुठल्या रकान्यात बसणार? पुन्हा परीक्षा द्यायची, आणि पुन्हा चुकलो तर कोर्समधून बाहेर. मग दहा दिवस सुरेखा बेसमेंटमध्ये माझी पेशंट झाली. मुद्दाम माझ्या पायाखाली पाय घालायची, आणि मी पट्टा सोडला की चिमटा काढायची. पास झालो एकदाचा.

ती खोड सुटली, पण दुसरी सुटता सुटेना. जानेवारीत म्हाताऱ्या माणसांच्या एका नर्सिंग होममध्ये प्लेसमेंट लागली, म्हणजे कोर्समधलंच शिकाऊ काम. तिथे मिसेस मार्टिन म्हणून चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाई होत्या, जन्म शेतावर गेलेला, खुबा मोडून ऑपरेशन झालेलं. पहिल्या दिवशी मी उठवायला गेलो तर रडायलाच लागल्या. आज नको रे बाळा, पडून राहू दे, उद्या नक्की. मी त्यांना पांघरूण घातलं, दोन मिनिटं पाय चेपले आणि पेशंटनं नकार दिला असं लिहून मोकळा झालो. वर आपण फार मायेनं वागलो असंही वाटत होतं. माझी सुपरव्हायजर हेदर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, तिचं रडणं तुला बघवेना, म्हणून तू स्वतःची सुटका करून घेतलीस. असे पाच-सहा उद्या झाले की ती या पलंगावरून कधीच उठणार नाही. मग तिनं बाईंची खुर्ची उचलून खिडकीपाशी ठेवली. खिडकीबाहेर दाणे टिपायला पक्षी येतात, त्यांचा बाईंना भारी नाद. पक्षी बघायचे तर अकरा पावलं चालत यायचं, असं तिनं गोड आवाजात सांगून टाकलं. म्हातारी कण्हत, हेदरच्या नावानं बोटं मोडत अकरा पावलं चालली. मी मागे पट्टा धरून होतो. तिला खुर्चीत बसवलं आणि वॉशरूममध्ये जाऊन हमसून हमसून रडलो.

कारण ती खुर्ची मी आधी पाहिली होती, ताई. आईचा खुबा मोडला तेव्हा सांगलीच्या घरी तू नियम केला होतास, चहा बाहेरच्या खोलीतच मिळेल. सकाळी आणि चार वाजता. आई वॉकर ढकलत, तुझा उद्धार करत यायची, आणि चहा पिऊन परत जायची. मग व्हिडिओ कॉलवर माझ्यापाशी रडायची, जयू मला कपभर चहासाठी नाचवते रे. आणि मी इथे सोफ्यावर बसून अक्कल पाजळायचो. तुला कैदाशीण म्हणालो. बाई ठेव, चहा पलंगावर दे, तिच्या वयाचा तरी विचार कर, असं रोज फोन करून तुझं डोकं खाल्लं. शेवटी कंटाळून तू ऐकलंस. पहिला आठवडा आई किती खूश होती! मग तिचे पाय आखडले, पाठीला जखमा झाल्या, छातीत कफ भरला आणि तीन महिन्यांत ती गेली. चालत राहिली असती तर वाचलीच असती असं कुणी सांगू शकणार नाही. पण तू बरोबर होतीस. तू जे आपल्या अकलेनं करत होतीस, ते मला इथे फी भरून शिकवतायत.

आणि तेराव्याला पंगत उठल्यावर, सगळ्यांदेखत मी काय बोललो? तू तिला चालवून चालवून मारलंस. तू पानं उचलत होतीस, उचलत राहिलीस. चहा पलंगावर न्यायला कुणी लावलं, एवढंच म्हणाली असतीस तर माझी बोलती बंद झाली असती. तू नाही म्हणालीस. चार माणसांत मला सांभाळून घेतलंस, आणि मी ते तोंड घेऊन विमानात बसलो. चूक माझी होती, ताई. मला माफ कर असं म्हणायचीसुद्धा लाज वाटते, तरी म्हणतो.

खरं सांगू? ही माफी मी आणखी वर्षभर पुढे ढकलली असती, मला तू ओळखतेस. पण परवा गौरांगीशी बोललो. ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवसापासून चालवायचं असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि तू तिला बजावलंयस की मला कुणी उठवायचं नाही, मी आपली पडून राहीन, उद्या काही झालं तर लोक म्हणतील पोरीनं आईला चालवून मारलं. हे सांगताना पोर रडत होती. ताई, ते लोक म्हणजे मी. माझी प्लेसमेंट एकोणीस तारखेला संपतेय आणि तेविसाचं तिकीट काढलंय, सहा आठवड्यांचं. तिथल्या फिजिओथेरपिस्टला विचारूनच सगळं करीन, माझं डोकं चालवणार नाही. तू रड, शिव्या घाल, तीन वर्षांच्या सगळ्या घाल. पण रोज दोन वेळा मी तुला उठवणार. आणि काही कमीजास्त झालंच, तर सगळ्यांदेखत नाव माझं घे, गौरांगीचं नको.

तुझाच,
दत्तू