शनिवारचे उमेदवार

४ ऑक्टोबर, शनिवार

दाढीवाला नापास!

आला तेव्हा बरा वाटला होता. बूट चिखलात घालताना मागेपुढे पाहिलं नाही, गोठ्यात नाक दाबलं नाही. पण निखारे धड पांढरे व्हायच्या आत जाळीवर मांस टाकून मोकळा. वर म्हणतो, "काका, धूर लागला की चव येते." धूर लागला की खोकला येतो, चव नव्हे. ज्याला निखाऱ्यांसाठी धीर धरवत नाही, तो शेळी वितेपर्यंत काय थांबणार!

तरी माणूस बोलका. दुपारभर बसला. आईची खानावळ, लहानपणी चावलेला कुत्रा, पहिली नोकरी का सोडली — सगळा पाढा वाचला. मीही खूप बोललो. आता घसा बसलाय. आठवडाभर त्याला एवढं काम नसतं.

योजनेच्या बाईंना सोमवारी सांगायचं — नाही जमत, पुढचा पाठवा.

५ ऑक्टोबर, रविवार

मांस भाजायचा ड्रम घासला, त्यावरची जाळी घासली. दिवसभरात कोणाशी बोलणं नाही. शेळ्या धरल्या तर पुष्कळ.

७ ऑक्टोबर, मंगळवार

लेकीचा फोन. "बाबा, मिळालं का कोणी?"

बायको गेली तेव्हाच लेकीने हट्ट धरला होता — शेळ्या विका, जमीन विका आणि माझ्याकडे या. मी म्हटलं, एक वर्ष दे. ती योजना आहे ना, ज्यांची मुलं शेतीत नाहीत असे म्हातारे आणि ज्यांना शेती करायचीय पण जमीन नाही अशी तरुण पोरं, यांची गाठ घालून देतात. पोरांनी काम शिकायचं, हळूहळू सगळं चालवायला घ्यायचं. म्हाताऱ्याने त्याच घरात राहायचं आणि शेवटपर्यंत लुडबुड करायची. (हे शेवटचं योजनेत नाही. माझं आहे.) डिसेंबरअखेर कोणी मिळालं तर मी इथेच. नाही मिळालं तर तिच्या सातव्या मजल्यावर.

तिने खोली रंगवून ठेवलीय. जावईही म्हणतो, "या, बिनधास्त." चांगली आहेत दोघं. म्हणूनच नाही म्हणणं अवघड.

पण तिथे मी करणार काय? सातव्या मजल्यावर सकाळी उठून कोणाला चारा घालू?

११ ऑक्टोबर, शनिवार

खाटीक सकाळीच गाडी घेऊन आला. या बाजूला तो फक्त शनिवारी फिरतो. मी करडू निवडून ठेवलं होतं. सुरी पुसता पुसता म्हणाला, "काका, दर शनिवारी एक चाललंय. विकायला काय ठेवणार?"

"पाहुणे येतात."

"पाहुणे, की उमेदवार?"

"तेच ते." मी विषय बदलला.

आजचे उमेदवार नवरा-बायको. दोघंही बँकेत. त्याला शेती करायचीय, तिला तो घरी वेळेवर यायला हवाय. एवढ्यावर दोघं शेळ्या पाळायला निघालीत! पण गोड माणसं. मी करडाच्या मांडीला मीठ-लिंबू चोळत होतो, तर ती शेजारी उभी राहून मीठ किती, कधी, का, सगळं विचारत होती. मांस जाळीवरून उतरल्यावर लगेच कापायचं नाही, झाकून ठेवायचं, हे सांगितलं तर ती चक्क थांबली. त्याला मात्र भूक आवरेना. सुरी घेतली आणि धाग्याच्या दिशेने लांबच लांब पट्ट्या कापल्या! मांस आडवं कापतात, हे पोराला ठाऊक नाही.

जेवण झाल्यावर तिने भांडी घासली. नको म्हटलं तरी ऐकेना. घासताना गुणगुणत होती. कोणतं गाणं ते कळलं नाही. मी बाहेर भिंतीपाशी उभा राहून ऐकत राहिलो. आत गेलो असतो तर थांबली असती.

दोघंही नापास. कारण — आडवं कापता येत नाही.

हे काय कारण झालं?

१३ ऑक्टोबर, सोमवार

योजनेच्या बाई वैतागल्या. "अहो, तिसरा महिना चालू आहे! तुम्हाला नक्की कसा माणूस हवाय?"

"धीराचा."

"असा माझ्याकडे तरी कोणी नाही. मीच तेवढी धीराची आहे, मला घ्या."

खूप हसलो. फोन ठेवल्यावरही हसत होतो. एकट्याचं हसू गोठ्यापर्यंतसुद्धा टिकत नाही.

१८ ऑक्टोबर, शनिवार

आज एक मुलगी. डोक्यावर निळी लोकरीची टोपी, ती जेवतानाही काढली नाही. तीन वर्षं मांसाच्या दुकानात कामाला होती. आईवडील चष्मे विकतात. घरात कोणी कधी कोंबडीसुद्धा पाळलेली नाही. "मग शेळ्याच का?" विचारलं. म्हणाली, "दुकानात माझ्यापर्यंत यायच्या त्या कापलेल्या. त्याच्या आधीचं सगळं बघायचंय."

उत्तर आवडलं. चेहऱ्यावर दाखवलं नाही.

सगळ्यांना देतो तसा तिलाही करडाचा खांदा हाडापासून सोडवायला दिला. आधी सुरी बाजूला ठेवली. बोटांनी चाचपून आतलं चपटं हाड कुठवर जातं ते बघितलं, मग सुरी घातली. हाड स्वच्छ बाहेर! मी इतकी वर्षं करतोय, माझ्याही हाडाला एवढं कमी मांस राहत नाही. निखाऱ्यांपाशी गप्प बसली. धीर तर एवढा, की शेवटी मलाच राहवेना, मीच म्हटलं, "टाक आता."

मग जेवायला बसलो. पहिला घास खाल्ला. मी 'वा!'ची वाट बघत होतो. ती चावत होती. चावतच होती.

"काका, हे करडू कधी कापलं?"

"आज सकाळी."

"तरीच."

"तरीच काय?"

"वातड आहे. दोन दिवस थंडाव्यात टांगायला हवं होतं. तुम्हाला माहीत असणार."

नाकाला मिरच्या झोंबल्या! मला माहीत असणार! माझ्या बापाला माहीत होतं, त्याच्या बापाला माहीत होतं. मागच्या खोलीत थंड कपाट आहे ते कशासाठी? पण खाटीक येतो शनिवारी आणि माणसंही येतात शनिवारी. हे तिला सांगितलं.

"मग सोमवारी भाजा," ती म्हणाली.

"सोमवारी कोण येणार?"

नुसती बघत राहिली माझ्याकडे. मग ताटातलं सगळं, अगदी शेवटचा तुकडाही, चावून चावून संपवलं.

निघताना म्हणाली, "मला यायचंय इथे. दुसऱ्या एका ठिकाणीही विचारलंय, पण मला ही जागा आवडली. काय ते लवकर कळवा."

आगाऊ आहे. पाहुण्याने यजमानाच्या तोंडावर वातड म्हणायचं!

१९ ऑक्टोबर, रविवार

कालचं उरलेलं खाल्लं. वातड आहे.

म्हणजे तीन महिने सगळे वा वा म्हणत रबर चघळत होते. आणि मी वाढत होतो, "अजून घ्या, लाजू नका!" बायको असती तर पहिल्याच शनिवारी ताट पुढे सरकवून म्हणाली असती, "अहो, दात माझे आहेत, ड्रमचे नाहीत."

२० ऑक्टोबर, सोमवार

बाईंचा फोन. "ती मुलगी कशी वाटली? ती तर तयार आहे."

"उद्धट आहे. पुढचा पाठवा."

"मग तिला नाही कळवू?"

"नाही म्हणू नका. थांबायला सांगा."

बाईंनी एवढा मोठा उसासा टाकला की फोनमधून वारा आला.

२५ ऑक्टोबर, शनिवार

आजचा चष्मेवाला. मोबाइलवर हिशेब मांडून घेऊन आला होता — एवढ्या शेळ्या, एवढं दूध, एवढी करडं. त्याच्या हिशेबात एकही शेळी मरत नव्हती. मुद्दाम विचारलं, "मांस वातड नाही ना झालं?"

"छे छे! अगदी लोण्यासारखं!"

खोटारडा. नापास.

पण संध्याकाळपर्यंत बसला, फाटकापर्यंत सोडायला गेलो तर तिथेही गप्पा मारत राहिला. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत उभा होतो. मग फाटक लावलं. पुढच्या शनिवारपर्यंत ते आता कशाला उघडतंय.

१ नोव्हेंबर, शनिवार

आजचा उमेदवार आलाच नाही. दुपारी निरोप — नोकरीत बढती मिळाली, माफ करा. खाटीक सकाळीच येऊन गेला होता. करडू कापून झालं होतं.

तरी निखारे केले. का केले कोणास ठाऊक. दोन ताटं मांडलेली होती, त्यातलं एक उचलून आत ठेवलं. चार बरगड्या भाजल्या. एवढ्या मोठ्या जाळीवर चार बरगड्या फार केविलवाण्या दिसतात. मोठ्याने म्हटलं, "अजून घ्या, लाजू नका." म्हटल्यावर इतकं वाईट वाटलं की उठून शेळ्यांकडे गेलो.

बाकीचं सगळं थंड कपाटात टांगलं.

३ नोव्हेंबर, सोमवार

टांगलेलं भाजलं. बोटांनी तुटत होतं. सांगायला कोणी नाही.

८ नोव्हेंबर, शनिवार

खाटकाने आज सुरी बाहेरच काढली नाही. गोठ्यात फिरून आला आणि म्हणाला, "काका, कापायची करडं संपली. आता राहिल्यात त्या दुभत्या आणि गाभण. या कापल्या तर येणाऱ्या पोराला देणार काय? जाळी?"

आजच्या उमेदवाराला फोन करून नको म्हणून कळवलं. दिवसभर गोठ्यातल्या करडांच्या रिकाम्या कोपऱ्यासमोर बसून होतो. जे कोणाला तरी सोपवायचं, तेच मी येईल त्याला खाऊ घालत सुटलो.

इथे कोण वाचतंय, लिहून टाकतो. मला कोणी नकोच होतं. म्हणजे कायमचं नको होतं. कायमचा माणूस आला की तो महिन्याभरात मान खाली घालून जेवायला लागणार. नवा माणूस कसा, सगळं विचारतो, सगळं सांगतो! मला शेत सोपवायचं नव्हतं, मला शनिवार हवा होता. सगळे नापास करत गेलो, कारण पास केलं की पुढच्या शनिवारी फाटकाशी कोणी येणार नाही.

आणि जी एक खरं बोलली, तिला थांबवून ठेवलं. मी एकटा आहे हे तिच्या लक्षात आलं होतं. राग वातडपणाचा नव्हता, त्याचा होता.

सोमवारी कचेरी उघडली की पहिला फोन. टोपीवाली पास. आली तर पुढची खोली तिला देतो, उजेडाची आहे. आज कितीतरी महिन्यांनी भूक लागल्यासारखी लागलीय.

१० नोव्हेंबर, सोमवार

"अहो, उशीर केलात. तिने गेल्याच आठवड्यात दुसरी जागा घेतली. नदीच्या पलीकडे. तुमच्यासाठी थांबली होती हो ती, दर दोन दिवसांनी फोन करायची मला."

"बरं," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

बाई हळूच म्हणाल्या, "पुढचा पाठवू?"

नको म्हटलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काही नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

लेकीला फोन केला — येतो. ती म्हणाली, "खरंच, बाबा?" रडत होती बहुतेक. मग पडदे कोणत्या रंगाचे घेऊ, उशी मऊ हवी की कडक, असं काय काय विचारत सुटली. मी सगळ्याला "चालेल" म्हटलं. तिला इतका आनंद झाला आणि मला काहीच होईना, याचीच लाज वाटली.

बाईंना कळवलं की माझं नाव काढा, शेळ्या विकतोय. व्यापारी मंगळवारी येणार.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

व्यापारी आला. शेळ्यांचे दात बघितले, कास बघितली, भाव सांगितला. काळी म्हातारी शेळी तेवढी नको म्हणाला. मी म्हटलं, सगळ्या घ्यायच्या तर घे. विचार करून सांगतो म्हणाला. त्याला जेवून जा म्हटलं, तर म्हणाला घाई आहे.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

टोपीवालीचा फोन! बाईंकडून कळलं म्हणे. तिच्याकडे तिथे जमीन आहे, विहीर आहे, गोठा रिकामा आहे. मालकीणबाई मुलाकडे राहायला गेल्यात. माझ्या शेळ्या हव्यात तिला — काळ्या म्हातारीसकट सगळ्या. मी म्हटलं, "ने. आनंदाने ने."

"नुसत्या शेळ्या नेऊन काय करू, काका? कोण कशाला अडतं, कोण कोणाला मारतं, मला काय कळणार? तुम्हीही राहायला या, एक खोली आहे. पण आधी येऊन जेवा माझ्याकडे, दिवसभर राहा. मग मी ठरवीन."

उद्याच बोलावलंय. शर्टाला इस्त्री केली, नखं कापली. लेकीला अजून काही बोललो नाही.

ती नाही म्हणाली तर?