काटा साठवरच होता

३ तारीख, सोमवार.
ट्रकला नवे टायर. जुन्यांपेक्षा मोठे. ट्रकचा रुबाब वाढला, माझाही. मेहुणा (गॅरेजवाला, न विचारता सल्ला देणारा) म्हणाला, दाजी, टायर मोठे झाले की स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो, सेट करून घ्या, दहा मिनिटांचं काम. अठरा वर्षं ट्रक चालवतोय मी. मला शिकवतोय.

६ तारीख.
वेगाची नोटीस. वर्षातली दुसरी. तिसरी आली की लायसन्स सहा महिने जप्त. मग खायचं काय? मला दुसरं काहीच येत नाही. (हे फक्त इथे.)
संकल्प: मीटर स्वतः सेट करणार. मेहुण्याला पत्ता लागू द्यायचा नाही.

९ तारीख, रविवार.
बायकोच्या शिवणाच्या टेपने जुन्या-नव्या टायरचा घेर मोजला. मीटरमधल्या सेटिंगच्या आकड्याला त्या प्रमाणाने गुणायचं की भागायचं? थोडा विचार केला. भागलं. भागाकार माझा शाळेपासून पक्का.

११ तारीख.
मर्यादा साठ, काटा साठवर. याला म्हणतात शिस्त! रस्त्यावर मात्र आज सगळेच रेंगाळत होते. एका गाडीवाल्याने हात हलवून काहीतरी सांगितलं. कौतुक असावं. घरी पाऊण तास लवकर.

१३ तारीख.
बायको सोबत होती. किलोमीटरचे दगड बघत घड्याळ लावून बसली. म्हणाली, साठने दगडापासून दगडापर्यंत एक मिनिट लागायला हवं, लागतायत सत्तेचाळीस सेकंद. तीनदा मोजलं म्हणे. घड्याळ बिघडलंय, मी म्हटलं. नाचता येईना अंगण वाकडं, एवढं बोलून ती खिडकीबाहेर बघत राहिली.
घड्याळाला सेल आणणे.

१७ तारीख.
तिसरी नोटीस. साठच्या रस्त्यावर सत्त्याहत्तर! त्यांचं यंत्र बिघडलंय. उद्या ऑफिसात जाऊन ठणकावून सांगतो.

१८ तारीख, दुपारी.
ठणकावून सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. लायसन्सही ठेवून घेतलं.

२० तारीख.
गोदामवाल्याने माल दुसऱ्या ट्रकला दिला. बायकोला अजून सांगितलेलं नाही. तिला माहीत आहे.

२१ तारीख.
तिने भावाला बोलावलं. त्याने माझी आकडेमोड पाहिली. भागलं होतं तिथे गुणलं. दहा मिनिटं. हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी ६.
तो गेल्यावर केबिनमध्ये जाऊन बसलो. चावी फिरवली, इंजिन सुरू केलं नाही. काटा शून्यावर. बायको दारातून म्हणाली, आत या आता.
मीटर अगदी बरोबर दाखवतोय.