बेजार करणारं पुस्तक

अक्का, आधी पुस्तकांचं सांगते, बाकीचं मागाहून. तू गेलीस त्याला आता बावीस वर्षं होतील, आणि एवढ्या काळात आपल्या बायकांनी मराठीत काय काय लिहून ठेवलंय याची तुला कल्पना नाही. एक कादंबरी आहे, तिच्यात शाळेची व्हॅन चालवणारी एक बाई आहे आणि तिच्या साठीच्या सासूला गाडी शिकायची हुक्की येते. प्रकरणं एवढीएवढीशी, डाळ शिजेपर्यंत एक होतं. दुसरं एक चिमुकलं पुस्तक आहे, समुद्राकाठच्या गावातल्या एका नर्सबाईंनी लिहिलेलं. ते वाचताना मी एवढी हसले की तुझा जावई चहा टाकून बघायला आला. एका रहस्यकथेत तर सोसायटीच्या वार्षिक सभेतून चिटणीसच नाहीसे होतात आणि कुणालाच त्यांची आठवण येत नाही! आणि एक आहे दोन बहिणींची. आईच्या शिलाई मशीनवरून त्यांनी एकमेकींशी बोलणं टाकलेलं असतं. तिच्याबद्दल जरा सविस्तर सांगायचंय, कारण तिच्यावरूनच सगळं रामायण झालं.

मी आता बेंगळुरूच्या टोकाला, इलेक्ट्रॉनिक सिटीत राहते, चौदा मजल्यांच्या इमारतीत. तुझ्या वेळी इथे नाचणीची शेतं होती म्हणतात, तू काही इकडे फिरकली नसशील. नोकरी मी गेल्या वर्षी सोडली. इमारतीत मराठी घरं बरीच आहेत, बहुतेक तरुण जोडपी, एकदोन मुलं. या मुली दिवसभर इंग्रजी बोलतात, वॉचमनशी हिंदी, भाजीवालीशी मोडकंतोडकं कन्नड, आणि मराठी उरतं ते मुलांवर ओरडायला. तिसऱ्या मजल्यावर एक बेळगावची आहे. धाकटं कडेवर, थोरला हाताला, पाठीला लॅपटॉप. लिफ्टमध्ये तिने माझ्या हातात पुस्तक पाहिलं आणि म्हणाली, "मी पण वाचायची हो अक्का पूर्वी. माझ्या रुखवतात पुस्तकं मांडली होती, लाडू-चिवड्याच्या शेजारी. आता खोक्यात आहेत, पलंगाखाली. मी वाचणारी राहिलेच नाही." एक तर तिने मला अक्का म्हटलं. सगळी गल्ली तुला अक्का म्हणायची म्हणून मी स्वतःच्या आईला अक्का म्हणत वाढले. त्या हाकेला ओ द्यायची पाळी माझ्यावर येईल असं कधी वाटलं नव्हतं. आणि दुसरं म्हणजे ते वाक्य. वाचायला मिळत नाही असं ती म्हणाली नाही, मी वाचणारी राहिले नाही म्हणाली. मला ते अजिबात सोसवलं नाही. त्याच क्षणी ठरवलं, हिला पुन्हा वाचायला लावायचं, हिला आणि हिच्यासारख्या सगळ्यांना.

मग काय, शनिवारी सकाळी अकराला मुलांच्या घसरगुंडीशेजारच्या बाकांवर सगळ्यांना बोलावलं. आठजणी आल्या. आणि मी काय केलं माहीत आहे? चार पानं लिहून नेली होती! शुद्ध, छापील मराठीत. आशयघन म्हणाले, स्त्रीजाणिवा म्हणाले, एकदा तर समष्टी पण म्हणाले. तू असतीस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. तिसऱ्या मिनिटाला एकीने फोन काढला. पाचव्या मिनिटाला कुणाच्या तरी लेकीने कुणाच्या तरी डोक्यात वाळू घातली, आणि सगळ्या अशा काही उठल्या की जणू त्या वाळूचीच वाट बघत होत्या. पुण्याची एक आहे, स्वभावाने सज्जन, ती जाता जाता म्हणाली, "खूपच अभ्यासपूर्ण होतं हं." बेळगावची मुलाच्या चपला शोधत राहिली. मी घरी येऊन ती चार पानं टराटरा फाडली. पुढच्या शनिवारी कुणी येणार नाही हे मला लख्ख दिसत होतं.

आणि तेव्हा तू आठवलीस. थंडीचे दिवस, अवरेकाळूचा, पावट्याच्या दाण्यांचा मोसम. तू घमेल्यात रात्रभर भिजवलेले दाणे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात बसली आहेस, भोवती गल्लीतल्या चारपाचजणी. दाणा चिमटीत दाबायचा, साल हातात राहतं, डाळ टुणकन घमेल्यात. हात चाललेत आणि तू पुस्तक सांगते आहेस, नुकतंच वाचून संपवलेलं, अर्धं मराठीत अर्धं कन्नडात. नायिका स्टेशनवर उतरली, समोर बघते तर कोण? आणि तू थांबतेस. "पुढचं पुस्तकात आहे." बायका चिडतात, दाणे फेकून मारतात. समोरच्या घरातल्या कन्नड मामी तर कळवळून म्हणतात, "अय्यो, मुंदे हेळी!" पुढे सांगा म्हणून. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, म्हणून शेवट फक्त त्यांच्या कानात सांगायचीस आणि बाकीच्या जळायच्या. दुसऱ्या दिवशी आपल्या मराठी मंडळाच्या कपाटातल्या त्या एका पुस्तकासाठी चौघींचं भांडण. तुझं आणखी एक होतं, पुस्तकाच्या मागच्या पानावर पेन्सिलीने लिहिणं. मंडळाचं कपाट सांभाळणारे काका रागावले, "पुस्तकं काय तुमच्या घरची पाटी आहे?" तेव्हापासून जुन्या कॅलेंडरच्या पट्ट्या कापून त्यावर लिहायला लागलीस. "दूध गॅसवर ठेवून वाचू नये." "पहिली तीस पानं स्वल्प सोसा, मग मजा आहे." "नवऱ्याने वाचलं तर बरं होईल." आणि जे पुस्तक तुला आतून हलवायचं त्यावर एकच शब्द लिहायचीस, बेजार.

मी इमारतीतल्या मुलींच्या मोबाइलवर तशाच चिठ्ठ्या पाठवायला सुरुवात केली. भाषण नाही, दोन ओळी. गाडी शिकणाऱ्या सासूबद्दल लिहिलं, "सासू शेजारी बसलेली असताना वाचू नये, हसू आवरत नाही." दहा मिनिटांत तिघींनी विचारलं, कुठे मिळेल? रहस्यकथेबद्दल लिहिलं, "ऑफिसच्या कॅबमध्ये वाचा, पण उतरायचं ठिकाण ड्रायव्हरला आधीच सांगून ठेवा." एक व्हाइटफील्डला नोकरीला जाते, तिने तर ते कानात ऐकलं. हो, आता पुस्तकं ऐकायची पण मिळतात! एखादी छान आवाजाची बाई अख्खी कादंबरी वाचून दाखवते आणि आपण खुशाल पोळ्या लाटाव्यात. तू याला वाचन म्हणाली असतीस की नाही यावर मी स्वतःशीच दोन दिवस वाद घातला. शेवटी ठरवलं की म्हणाली असतीस, कारण मामींनी तरी वेगळं काय केलं होतं? मग बहिणींच्या कादंबरीची पाळी आली. मी लिहिलं, "शेवटची वीस पानं कुकर लावून वाचू नका. मला फार बेजार झालं." आणि सगळं ठप्प. पुण्याचीचा निरोप आला, "थँक्यू, बरं झालं आधीच सांगितलंत. वैताग देणारं असेल तर नकोच बाई." तिच्यामागोमाग पाचजणींनी नाही म्हटलं. मी डोक्याला हात लावून बसले. त्यांच्या मराठीत बेजार म्हणजे त्रासून जाणं, जीव नकोसा होणं. वाईट वाटलं, दुखलं, भरून आलं, हे सगळं आपल्या बेंगळुरूच्या घरात त्या एका शब्दात मावतं आणि ते कन्नडातून आलंय हे मी विसरूनच गेले होते.

खुलासा लिहायला घेणार तेवढ्यात दाराची घंटा वाजली. बेळगावची. धाकटं कडेवर होतंच. "ते दोन बहिणींचं द्या की मला." मी म्हटलं, "अगं, मी बेजार लिहिलंय." ती म्हणाली, "म्हणून तर मागायला आले." चार दिवसांनी ती लिफ्टमध्ये भेटली तर डोळे सुजलेले. मी घाबरले, घरी काही झालं का विचारलं. "कुठलं हो! कॅब फ्लायओव्हरवर अडकली तासभर, तिथंच संपवलं. धाकटी मशीनला तेल घालते ना, तिथं मला इतकं बेजार झालं बघा, शेजारचा टीम लीड पाणी द्यायला लागला." आणि मग, अक्का, ती रडलेल्या डोळ्यांनी हसली आणि म्हणाली, "चार वर्षांनी पुस्तक संपवलं मी. अख्खं." मला त्या लिफ्टमध्ये नाचावंसं वाटलं. नाचले नाही, पण तळमजल्याऐवजी तिला घेऊन पार्किंगमध्ये उतरले, लिफ्ट निघून गेली आणि दोघींना वर यायला जिना चढावा लागला.

पुढच्या शनिवारी चौदाजणी होत्या. आणि बेळगावचीने पुण्याचीला बेजारचा अर्थ समजावला. तो सोहळा तू बघायला हवा होतास. "मॅडम, तुमचं बेजार वेगळं, आमचं वेगळं. तुमच्यात माणसाला माणूस बेजार करतंय. आमच्यात आपलं आपल्यालाच होतंय." पुण्याची विचारात पडली. मग म्हणाली, "म्हणजे आई फोनवर 'मी बरी आहे' म्हणते आणि ती बरी नसते, तेव्हा जे होतं ते?" पुस्तक त्याच दिवशी तिने नेलं. आता त्याच्यासाठी यादी आहे, सातजणींची, आणि त्यात दोन नवरे. खोक्यातली रुखवताची पुस्तकंही बाहेर निघाली आहेत. मी आपली उड्या मारते आहे, या वयात.

मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असतानाचा तो दिवसही आठवतोय. पुण्याहून नात्यातल्या कुणी आत्याबाई आल्या होत्या. तू रंगात येऊन एक पुस्तक सांगत होतीस आणि म्हणालीस, शेवटी मला फार बेजार झालं. आणि मी, तुझी लेक, त्यांच्यासमोर म्हणाले, "अक्का, बेजार नव्हे गं, वाईट वाटलं म्हणावं. आपलं मराठी ऐकून हसतात लोक." आत्याबाई मुळीच हसल्या नव्हत्या. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "सरी बाई, बरं, वाईट वाटलं. पण तेव्हा मला बेजारच झालं होतं." आणि उठून ताटं घ्यायला गेलीस. ती गोष्ट अर्धीच राहिली. पुढे पाहुण्यांसमोर तू पुस्तकांबद्दल कधी बोलली नाहीस. मला त्याची लाज वाटते, अक्का. आज सगळ्यात जास्त वाटते, कारण आज मी तुझंच बोलणं बोलून टाळ्या घेते आहे.

काल मंडळाच्या चिटणीसबाईंचा फोन आला. आमच्या शनिवारांची बातमी तिथपर्यंत गेली आहे. वार्षिक संमेलनात नव्या पुस्तकांवर पंधरा मिनिटं बोलाल का, म्हणाल्या, तरुण आया येतील, त्यांना वाचावंसं वाटेल असं काहीतरी सांगा. मी हो म्हटलं, आणि हेही सांगितलं की मी घरच्या मराठीत बोलेन, छापील येत नाही. त्या हसून म्हणाल्या, तेच हवंय. फोन ठेवला आणि आनंदाने सगळ्या घरभर फिरले. मग खुर्चीत बसले ती बसलेच, आणि हे पत्र लिहायला घेतलं. ते मी कुठे टाकणार नाही, टाकून पोचणार तरी कुठे? पण लिहायला हवं होतं.

कारण हे आमंत्रण आपल्या घरी पहिल्यांदा आलेलं नाही. आत्याबाई पुण्याला परत गेल्या त्याच महिन्यात मंडळाचे कपाटवाले काका आले होते, तुला रागावलेले तेच. दार मी उघडलं. म्हणाले, तुझ्या आईच्या चिठ्ठ्या वाचून लोक पुस्तकं नेतात, संमेलनात त्यांनी पंधरा मिनिटं बोलावं असं सगळ्यांचं म्हणणं आहे, त्यांना विचारतेस का? मला माइकवरून बेजार ऐकू यायला लागलं. मी म्हटलं, "आईला कुठला हो वेळ? घरचंच सरत नाही तिचं." ते सरी म्हणून, मान हलवून गेले. तू आतल्या खोलीत खिडकीशी पाय पसरून वाचत बसली होतीस. पुस्तकातून मान न काढता विचारलंस, "कोण होतं गं?" मी म्हटलं, "कुणी नाही, पत्ता चुकले होते."