कारखाना तुझ्याच तालुक्यात

लालबाग, शनिवार

प्रिय प्राची,

फोन केला असता तर "बरी आहे गं" म्हणून तू ठेवून दिला असतास, म्हणून लिहितेय. जिंकलो आपण! मसाल्याच्या नव्या कारखान्याला सरकारी सवलत मंजूर झाली. काल अख्ख्या चाळीत पेढे वाटले.

तू गावी गेल्यापासून आपल्या दोघींच्या दुकानाच्या ऑर्डरी वाढतच होत्या, जागा मात्र तेवढीच. मिरची भाजायला घेतली की समोरच्या टॉवरमधून तक्रार ठरलेली. मुंबईत मोठी जागा घेणं आपल्या आवाक्यातलं नव्हतं. तेव्हा माझा भाऊ स्वप्नील म्हणाला, "ताई, मुंबईत काही मिळणार नाही, पण कोकणातल्या मागास तालुक्यात नवा कारखाना टाकलास तर जीएसटीतला राज्याचा वाटा काही वर्षं परत मिळतो, वीजशुल्कही माफ." त्या हिशेबावर मी शेड उभारली, यंत्रं मागवली.

एक सल्लागार आला होता. म्हणे, "मॅडम, गावात नुसती पाटी लावा, मसाला इथंच कुटा. बघायला कोण येतंय?" त्याला म्हटलं, चहा संपवा आणि निघा.

आणि नेमका आपलाच अर्ज फेटाळला. म्हणे, जुनाच धंदा हलवताय, ही नवी गुंतवणूक नाही. दोन दिवस जेवण गेलं नाही मला. मग सुनावणीला गेले आणि तू मिरचीच्या दलालांशी भांडायचीस ना, तशी उभी राहिले. म्हटलं, "साहेब, लालबागचं दुकान चालू आहे, येऊन बघा. गावातली यंत्रं नवी, कामावर घेतलेल्या बायका नव्या. मग हललंय काय?" साहेब खरंच आले. दुकानात शिंकून शिंकून बेजार झाले बिचारे! पुढच्या आठवड्यात गावची शेडही बघून आले आणि मंजुरी दिली.

आता खरं सांगते. हीच सवलत हायवेलगतच्या तालुक्यातही होती. वाहतूक सोपी पडली असती, स्वप्नील माझ्याशी भांडलाही. पण हितेंद्र भावोजी गेल्यापासून तू माजघराबाहेर पडली नाहीस. तुझ्या सासूबाईंनीच, लक्ष्मीकाकींनी, मला फोन केला होता, "रुपाली, तिका भायर काढ गो." म्हणून तुझाच तालुका धरला. तुझ्या घरासमोरच्या चढावर जी निळी शेड दिसते ना, ती आपली. कोणाची म्हणून तू चौकशीसुद्धा केली नाहीस, असं काकी म्हणाल्या. पुढच्या सोमवारी यंत्रं सुरू होताहेत आणि तो कारखाना मला चालवता येणार नाही, प्राची. तो तू चालवायचास. उत्तर लिहीत बसू नकोस, चढ चढून ये. मी दारात उभी असेन.

तुझीच, भांडायला तुझ्याकडूनच शिकलेली,
रुपाली