डास काढलेलं गाणं

९ ऑक्टोबर

खोका आला! विमानातून, बटाट्यांच्या पोत्यांखाली चेपून. माझ्या पुस्तकाच्या बारा प्रती. मुखपृष्ठ पांढरंफटक, कोपऱ्यात माझं नाव – उयाराक. एकदा पाहिल्या आणि पलंगाखाली ढकलल्या.

तिसरी कविता माझी नाही. कुब्लूआत्याचं गाणं आहे ते. आमच्यात दुसऱ्याचं गाणं म्हणायचं तर आधी धन्याचं नाव घ्यायचं – शेंबड्या पोरालाही कळतं. मला कळलं नाही!

१० ऑक्टोबर

नुसतं चोरलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. मी ते सोललं. आत्याच्या गाण्यात डास आहेत, वालरसचे ढेकर आहेत, एककानी कुत्रा आहे, आणि शेवटी बर्फावर आपटलेला शिकारी स्वतःलाच हसतो. दक्षिणेतल्या संपादकबाई म्हणाल्या, "उत्तरेची शांतता हवी अजून." मग मी डास काढले. कुत्रा काढला. हसू काढलं. बाई खूश, मी खूश. तेव्हा कुठे गेली होती लाज?

११ ऑक्टोबर

शनिवारी सभागृहात वाचन ठरलं. आत्या दुकानात सगळ्यांदेखत म्हणाली, "मी पुढेच बसणार. माझा बाबा वाचणार!" आमच्यात नावासोबत माणूसही परत येतो; आजोबांचं, म्हणजे तिच्या वडिलांचं, नाव मला ठेवलंय, म्हणून पोरगी असले तरी मी तिचा बाबाच. बोलतेही वडिलांशी बोलावं तशी. सत्तरी उलटलेली बाई, माझा मुका घेऊन गेली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं – पण इथली जमीन गोठलेली, ती कुठली दुभंगायला!

१३ ऑक्टोबर

घसा बसलाय म्हणून सांगावं का?

१४ ऑक्टोबर, शनिवार

तिसरी गाळणार होते. तर आत्याच पुढून म्हणाली, "तिसरी वाच रे बाबा, शाळेतल्या मास्तरीणबाईंनी पुस्तक मागवलंय, त्यांना तीच आवडलीये." वाचली. ‘उत्तर’, ‘शांतता’, ‘मी एकटी’ – सगळं, कुणाचंही नाव न घेता.

मग आत्या मोठ्यांदा, "पण ही उत्तर असते कुठे? आपण तर इथेच असतो!" हशा पिकला. ती मात्र हळहळत होती – "कोण बिचारी राहते तिथे एकटी? जेवायला बोलवा रे तिला."

स्वतःचं गाणं तिने ओळखलंच नाही. इतकी मेल्याहून मेल्यासारखी मी कधी झाले नव्हते.

१५ ऑक्टोबर

गेले. आत्या जमिनीवर पुठ्ठा पसरून गोठलेला मासा कापत होती. एका दमात सांगून टाकलं.

"माझं? छे! माझ्यात डास आहेत."

मग मी डासांसकट, कुत्र्यासकट म्हणून दाखवलं. काय काय काढलं तेही सांगितलं. तिची सुरी थांबली.

"मागायला आलास होय, बाबा?"

आधी चोरी, मग परवानगी – टोमणाच तो. मान खाली घालून निघाले. तिने मासाही दिला नाही – जन्मात पहिल्यांदा!

१६ ऑक्टोबर

दुपारी गावच्या रेडिओवर आत्याचा फोन. कुणाचा तरी हातमोजा हरवल्याच्या निरोपानंतर लगेच.

"ते गाणं माझं नाही. माझ्या वडिलांचं. ते शिकारीच्या तळावर वारले, गाणं त्यांचं हे ओळखणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. पन्नास वर्षं माझं म्हणून मिरवलं. काल ते स्वतः घरी आले. माझ्यापायी त्यांना मान वर करवत नव्हती. घे बाबा, तुझं तुला."

मग अख्खं गायली, डासांसकट. पण आधी धन्याचं नाव घेतलं.

उयाराक.